पंगतीतली जागा

तीर्थस्वरूप अण्णांस शिवकन्येचा औरंगाबादहून दंडवत.

मी खुशाल आहे. होस्टेलात पाणी येतं, जेवण पोटभर मिळतं. बायनाआत्याचा खोकला थांबला का?

आज वर्गात ग्रीकांच्या स्पार्टा नगरीचं शिकवलं. लई लढवय्ये लोक. तिथं पुरुषांची रोज पंगत बसायची आणि ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचं धान्य द्यायचं. ज्याला जमलं नाही तो पंगतीतून उठला, मग नागरिकही उरला नाही. असे उठत उठत लढायला माणसंच कमी पडली आणि नगरी हरली. पुढं तर परके लोक तिथल्या जुन्या रीती तमाशासारख्या बघायला यायचे.

आईनं कळवलं, दुष्काळात सप्ताहाला ज्वारी देता आली नाही म्हणून तुम्ही पंगतीला गेलाच नाहीत. "भूक न्हाई" म्हणालात. कावून अण्णा? सोसायटी काढताना अख्खं गाव एकत्र बसवलं ते तुम्हीच ना? निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. राहिलेलेही घरात बसले तर वाढायचं कुणाला?

हनुमान जयंतीच्या पंगतीला रिकाम्या हातानं जा, पण जा. तुमची जागा मोकळी दिसली की शेजारचाही उठेल.

आज मेसमध्ये माझ्याच्यानं घास गिळवला नाही. आईला सांगू नका.

तुमची लेक,
शिवकन्या