शाफ्टवरचा जोड

३ डिसेंबर १९७८
इस्माईलचाचा सकाळीच गाडी घेऊन माझ्या दुरुस्तीच्या शेडवर हजर. बापूसाहेबांचा ट्रक, गुळाच्या ढेपा भरून आंबा घाटानं कोकणात उतरतो तो. चाचा उचगावातले आमचे शेजारी, दोन घरांत मिळून एकच भिंत. गेल्या दसऱ्यापासून ह्या गाडीवर आहेत.
तक्रार: क्लच सोडून गाडी उचलली की खालून ठक. एकदाच. मग गप.
शेजारी बसून गडमुडशिंगीपर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या गिअरला स्पष्ट ऐकलं. चपलेतून तळव्यालाही कळलं. उद्या खाली शिरायचं.

४ डिसेंबर
गाडी खड्ड्यावर घेतली. गाडीखालची लांब नळी, शाफ्ट, हातानं हलवून बघितला, मागचं टोक ढिलं. टोकाचा सांधा, क्रॉस, गेलेला. टोपण काढलं तर आत ग्रीसचा पत्ता नाही, नुसती लाल भुकटी, तपकिरीसारखी. मागचं टोक सोडलं, क्रॉस बदलला, बसवलं. शाफ्ट पूर्ण उतरवला नाही. चिखल आणि डांबर इतकं बसलंय की कुठं पुसत बसा.
हातकणंगल्याच्या रस्त्यानं पळवून आणली. आवाज नाही. चाचा खूश. मी पण.

७ डिसेंबर
खूश कसला. चाचा रत्नागिरीहून आले आणि घरी न जाता सरळ शेडवर. आवाज परत. आता उतारावर. घाटात ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की ठक, परत दाबला की ठक. म्हणाले, तीस वर्षं गाडी चालवली पण ह्या खेपेला वळणावळणाला एक हात दाराच्या कडीवर ठेवला होता.
बापूसाहेब तिथंच होते. ते म्हणाले, ड्रायव्हर म्हातारा झाला की गाडी वाजायला लागते. चाचा हसले नाहीत.

९ डिसेंबर
आज मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले. डाव्या बाजूचे दोन यू-बोल्ट ढिले, पाटा जागचा सरकलेला. इथंच आहे म्हटलं. आवळले. शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं, तेही बदललं. नवीन क्रॉस पाच दिवसांत खडखडायला लागलाय, हे मात्र पटत नाही. क्रॉस वर्ष-वर्ष टिकतो. काहीतरी त्याला खातंय.
आवाज कमी झाला. गेला नाही. आणखी एक दिवस मागितला, बापूसाहेबांनी दिला नाही. दुपारी गाडी भरायला गेली.

११ डिसेंबर
चाचा पहाटे खोकतात, भिंतीतून ऐकू येतं. दोन दिवस भिंत गप आहे. येतील.
जेवताना बायकोनं, सुमननं, विचारलं, एवढं काय मनाला लावून घेताय, नळीच आहे ना ती? सांगितलं. पुढचं इंजिन मागची चाकं फिरवतं ते त्या नळीनं. घाटात लोडची गाडी खालच्या गिअरला धरून उतरवतात, ते धरणंसुद्धा त्याच नळीतून. आणि ह्या मॉडेलचा हातब्रेक चाकाला नाही, गिअरपेटीच्या मागं त्या शाफ्टलाच धरतो. नळी तुटली तर गिअर गेला, हातब्रेक गेला. राहिला पायाचा ब्रेक, तो उतारभर दाबून तापला की...
तिनं भाकरी अर्धी टाकली.

१३ डिसेंबर
आले. आज शाफ्ट पूर्ण उतरवला. खरवडला, रॉकेलनं धुतला.
नळीच्या मध्यावर वेल्डिंगचं कडं.
हात ओळखला. माझाच.
दोन वर्षांपूर्वी ही गाडी बांबवड्याजवळ नळी तुटून बंद पडली होती. तेव्हा गाडीवर दुसरा ड्रायव्हर. बापूसाहेबांना घाई. मी आत आधाराला छोटी नळी, बुशिंग, घालून जोड मारून दिला आणि म्हणालो होतो, तात्पुरतं आहे, महिन्यात नवीन शाफ्ट घाला. ते हो म्हणाले. नंतर त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.
इथं ‘विसरलो’ असं लिहिणार होतो. खोटं. गाडी पळत होती म्हणून गप्प बसलो. चार तारखेला शाफ्ट का नाही पुसला, तेही मला ठाऊक आहे.
क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे कान एका रेषेत पाहिजेत. माझे बोटभर फिरलेत. म्हणून प्रत्येक फेऱ्याला हिसका, म्हणून क्रॉस टिकत नाही. जोडावर परत रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू घासला. पाच मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. केसाएवढी. वीतभर लांब तडा.

१४ डिसेंबर
बापूसाहेबांना रेघ दाखवली. नवीन शाफ्ट पाहिजे म्हणालो. पुण्याहून यायला आठ दिवस. ते म्हणाले गूळ थांबत नाही, यावरच वेल्ड मार. मी नाही म्हणालो. मग दुसरा मारेल, म्हणाले.
जोड कुणाचा, ते मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांना आठवत असणार.
विचारलं चाचांनी. बापूसाहेब गेल्यावर, शाफ्टवर अंगठा फिरवत.
“कुनी केलतं रं हे?”
“काय म्हाईत चाचा. जुनं हाय.”
जीभ सरळ चालली. अडखळली पण नाही.

१५ डिसेंबर
बापूसाहेबांनी शाफ्ट टेम्पोत घालून नेला, गाडी मागं बांधून. कुठं नेला ते सांगितलं नाही. कामात लक्ष नाही, एकाचं चाक उलटं बसवलं, परत खोललं.

१६ डिसेंबर
चाचा संध्याकाळी अंगणात आले. दुसऱ्याकडून शाफ्ट जोडून गाडी मिळाली, उद्या सकाळी निघणार. सुमननं चहा दिला. म्हणाले, आता अजिबात वाजत न्हाय. माणूस बरं वाटल्यावर सांगतो तसं सांगत होते.
वाजत होती तेव्हा बरी होती. निदान सांगत तरी होती.
जेवलो नाही. सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला कशाला सांगताय, भिंतीपलीकडं सांगा. गेलो. दारात उभा राहिलो. चाचा नमाजाला बसलेले. परत आलो. सकाळी सांगू म्हटलं.

१७ डिसेंबर, मलकापूर
सकाळी उशीर झाला. उशीर केला. मार्केट यार्डात पोचलो तर गाडी तासापूर्वी गेलेली. पान्यांची पिशवी घेऊन रत्नागिरीची एस.टी. धरली. उभ्यानं आलो. बांबवडं गेलं तसं प्रत्येक वळणाला पुढं बघत होतो, रस्त्यावर माणसं जमलेली दिसतात का.
लोडची गाडी हळू. आणि चाचा घाटाआधी मलकापुरात चहा घेतातच. हॉटेलासमोर गाडी दिसली तशी एस.टी. थांबायच्या आत उतरलो.
बाकड्यावर बसलेले. मला बघून म्हणाले, तू हितं कसा?
सांगितलं. उभ्या उभ्या. जोड माझा, दोन वर्षांपूर्वीचा. कान फिरलेत तेही माझ्यामुळं. नवीन वेल्डनं कान सरळ झाले असतील, रेघ मेली का ते देवाला ठाऊक. वरून वेल्ड छान दिसतं. माझंही छान दिसत होतं.
चाचांनी कप खाली ठेवला. मग एवढंच,
“परवा इचारलं तवा का न्हाय सांगितलंस?”
मी पान्यांची पिशवी खाली ठेवली.
चाचांनी उठून पलीकडच्या दुकानातून कोल्हापूरला बापूसाहेबांना फोन लावला. गाडी खाली उतरवणार न्हाय म्हणाले. पलीकडून बापूसाहेब ओरडत होते, मला दारातून ऐकू येत होतं. ते निघालेत. बरोबर दुसरा ड्रायव्हर आणतायत. तो नेईल.
ते ऐकलं आणि चाचांना न विचारता चारी चाकांना दगड लावले, खाली शिरलो आणि शाफ्ट सोडला. एकट्यानं. छातीवर आला, बरगडीला लागलंय. आता तो हॉटेलात ह्या बाकड्याखाली आहे, त्यावर माझे दोन्ही पाय.
मालकाच्या गाडीला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावलाय. पोलिसात देतील. शेड बंद करतील. चूक असेन तर? वेल्ड चांगला असेल तर? असू शकतो. तेही आता कळायला मार्ग नाही.
दोन वाजलेत. चाचा केबिनमध्ये जाऊन बसलेत, काच वर करून. हाक मारली, बघितलं नाही.
कोल्हापूरकडून एक जीप येताना दिसते. दोघंजण दिसतात. वही मिटतो.