रोमचा वाहता नळ

४ नोव्हेंबर, मंगळवार. वेलचेरी

सुधा, माफ कर बाळ. रोमच्या विमानतळावर उतरलो तेव्हा ही वही हातात दिलीस. म्हणालीस, "आप्पा, रोज काय पाहिलं ते लिहा." दहा दिवस तुझ्याकडे राहिलो, एक ओळ लिहिली नाही. घरी येऊन अकरा दिवस झाले. आज उघडली.

उघडली, कारण पुढच्या शुक्रवारी, १४ला, तुला लग्नाची तारीख घ्यायची आहे. आप्पा होय म्हणाले तरच घेणार म्हणालीस. मी होय म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

शिक्षण आठवी, तेही तमिळमध्ये. ही अक्षरं आईने तंजावरला पाटीवर शिकवली. चुका असतील.

५ नोव्हें.

सकाळपासून पाऊस. खाली पार्किंगमध्ये पाणी भरेल म्हणून स्कूटर रस्त्यावर नेऊन लावली. रस्त्यावर भरेल म्हणून परत आणली. वॉचमन म्हणाला, "सार, एकदा ठरवा."

सौ. विचारते, रोममध्ये काय पाहिलं ते नीट सांगा. गुडघ्यामुळे ती आली नाही. काय सांगू? दगड. कलोसियम म्हणून मोठा गोल आखाडा आहे, अर्धा पडलेला. दगडांना जागोजाग खड्डे. आतलं लोखंड लोकांनी उपसून नेलं, पाओलो म्हणाला. मी म्हटलं, चोर सगळीकडे सारखे. सु.ने भाषांतर केलं, तो हसला.

पाओलो म्हणजे सु.च्या ऑफिसातला. त्याच्याशीच लग्न. जानेवारीत, तिथल्या नगरपालिकेत.

आखाड्यावर ऊन लागू नये म्हणून कापड ताणायचे, ते ओढायला खलाशी ठेवलेले. मी ४१ वर्षं जॉर्ज टाउनात दोरखंडाच्या दुकानात काढली. विचारलं, दोर ताग की काथ्या? पा.ला माहीत नव्हतं. त्याने फोनमध्ये शोधलं. फोनलाही माहीत नव्हतं. तोंड एवढंसं झालं त्याचं. तेव्हा बरा वाटला पोरगा.

सु.ला हे सांगायचं राहिलं.

६ नोव्हें.

एक जुनं देऊळ पाहिलं, आता चर्च आहे. घुमटाच्या बरोबर मधोमध भोक. मुद्दाम ठेवलेलं. आम्ही आत असताना पाऊस आला तो सरळ आत. कोणी बादली लावली नाही, कोणी आरडाओरड केली नाही. फरशीलाही बारीक भोकं, पाणी त्यातून निघून जातं. दोन हजार वर्षं होत आली म्हणे, असंच चाललंय. आमची इमारत नऊ वर्षांची, गच्ची गळते. सेक्रेटरीला चारदा सांगितलं. आज पाचव्यांदा सांगितलं.

तिथून काफी प्यायला. उभ्याने पितात, एवढीशी, काढ्यासारखी. पा.ने विचारलं, तुम्ही तमिळ ना? म्हटलं, नाही, मराठी. मग महाराष्ट्रात घर कुठे? म्हटलं, घर नाही. एकदाच गेलो होतो पुण्याला, लग्नाला. आमचं बोलणं ऐकून वऱ्हाडी हसत होते. मग तिकडून येऊन किती वर्षं झाली? म्हटलं, तीनशे तरी.

त्याने कप खाली ठेवला. "तीनशे वर्षं, आणि अजून पाहुणे?"

सु. हसत हसत सांगत होती. मी नाही हसलो. काफी संपवली.

८ नोव्हें., शनिवार

पाऊस थांबला. स्कूटर जागेवर आहे. दोनदा पाहून आलो.

नळाचं आज लिहितोच. सौ.लाही सांगितलं नव्हतं.

रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत. चावी नाही. पाणी आपलं वाहतंय, सकाळ संध्याकाळ, कोणी पीत असो नसो. पहिल्या दिवसापासून माझा जीव त्यात अडकलेला. इथे एका उन्हाळ्यात सौ. आणि मी पाण्याच्या लॉरीसाठी प्लास्टिकचे घडे घेऊन रांगेत उभे राहिलो आहोत. घड्यावरून भांडणं पाहिली आहेत. आणि तिथे चांगलं गोड पाणी गटारात जातंय. रोज जाताना चावी कुठे असेल ते बघायचो. मागे हात घालून पाहिला. खाली वाकून पाहिलं. सु. म्हणायची, "आप्पा, चला ना, लोक बघतायत."

आठव्या दिवशी पा.ची आई भेटायला आली. शिक्षिका होती, आता निवृत्त. चांगला रेशमी झगा, केस नीट बसवलेले. खास माझ्यासाठी आलेली. सु. आणि पा. तिकिटं काढायला गेले. ती आणि मी नळापाशी उभे. भाषा नाही. ती हसायची, मी मान हलवायचो. बोलायला काही नाही म्हणून नळाकडे वळलो. वाटलं, तात्पुरता तरी बंद करून दाखवू. खिशातून पंचा काढला, गुंडाळी केली, नळाच्या तोंडात दाबून बसवली.

नळाला वरच्या अंगाला एक भोक असतं. ते मला काय ठाऊक. तिथून पाणी कारंज्यासारखं उडालं ते थेट बाईंच्या अंगावर. केस, झगा, पर्स, सगळं. ऑक्टोबरची थंडी.

पलीकडचे लोक टाळ्या वाजवायला लागले. बाई आधी किंचाळल्या, मग हसायला लागल्या. खरंच हसत होत्या. त्यांनी पंचा उपसून काढला, माझा हात धरला, बोट खालच्या तोंडावर ठेवलं आणि दाखवलं की असं दाबायचं, वरून येणारी धार प्यायची. लहान मुलाला दाखवतात तसं.

मी हात काढून घेतला. झटकलाच म्हणायचं. सवयीने. परक्या बाईने हात धरलेला चालत नाही आमच्यात, एवढंच. दुसरं काही नव्हतं मनात.

नेमकी तेवढ्यात सु. तिकिटं घेऊन आली. तिला हात झटकलेलाच दिसला. बाईंचा चेहरा दिसला.

परतताना म्हणाली, "आप्पा, नको असेल तर तोंडाने नाही म्हणा. पाओलोच्या आईचा हात असा झटकू नका."

मी म्हटलं, "बूट ओले झाले."

९ नोव्हें.

सौ.ला वाचून दाखवलं. झग्यापर्यंत आलो तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. मग पुढचं ऐकलं.

"बूट ओले झाले? एवढंच म्हणालात?"

"हो."

"अय्यो देवा. विमानाने जाऊन दगडं बघून आलात. पोरीचं तोंड बघितलंत का?"



११ नोव्हें., मंगळवार

मला नक्की काय नको आहे ते लिहून पाहतो.

एक, फार लांब. सौ. म्हणते, इथेच शोळिंगनल्लूरला ऑफिस असलेला आपला मुलगा जवळ आहे, तो महिन्यात किती वेळा येतो?

दोन, तिची मुलं मराठी बोलणार नाहीत. सौ. म्हणते, त्या जवळच्या मुलाची कुठे बोलतात?

तीन. तिथे रस्ता ओलांडताना सु. माझा दंड धरायची. गाडी आली की मागे ओढायची, "आप्पा, थांबा." इतकी वर्षं मी तिला... तिथे सगळं तिलाच ठाऊक. बसचं, पैशांचं, कोणाशी काय बोलायचं त्याचं. मी नुसता मागे मागे. तिला माझ्या होयची गरज का पडावी, तेच

पुढे लिहिता येत नाही.

पा. वाईट नाही. नाहीच.

१३ नोव्हें., गुरुवार

पुन्हा पाऊस, कालपासून. गल्लीत घोट्यापर्यंत पाणी.

सु.ला मराठी वाचता येत नाही, बोलता येतं. म्हणून सौ. म्हणाली, फोनवर बोलून पाठवा, बटण दाबून ठेवायचं. पहिल्यांदा बोललो. सौ.ने लावून ऐकलं. पाऊस, गच्ची, स्कूटर, तब्येत. म्हणाली, "हवामान सांगायला रेडिओ आहे." पुसलं. दुसऱ्यांदा बोट मध्येच सुटलं.

तिसऱ्यांदा उभं राहून बोललो. म्हटलं, सुधा, माझं होय. तारीख घे. पा.च्या आईंना सांग, हात झटकला तो त्यांच्यासाठी नाही, मला रीत ठाऊक नव्हती. झगा खराब झाला असेल तर फार वाईट वाटलं. पा.ला सांग, दोर बहुधा ताग असावा.

पाठवलं. दुपारी सव्वाबारा.

संध्याकाळी पाहिलं, फोनवर नुसतं घड्याळाचं चित्र. इथून गेलं की एक खूण येते, पोचलं की दोन. पाणी शिरलं म्हणून नेट गेलंय, वॉचमन म्हणाला. मुलाला फोन लावला, लागत नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार

अजून घड्याळाचंच चित्र.

गच्चीवर गेलो, तिथे येईल म्हणून. नाही. पाण्यातून मेनरोडपर्यंत चालत गेलो, दुकानं बंद. सौ. खिडकीतून ओरडत होती, परत या, पडाल.

तिथलं घड्याळ साडेचार तास मागे. म्हणजे तुझं नगरपालिकेचं ऑफिस आता उघडत असेल. किती वाजता बंद होतं ते विचारलंच नाही. तू तिथे बाकावर बसून फोन बघत असशील, की गेलीच नसशील. आप्पांचा स्वभाव ठाऊक आहे म्हणून.

सौ. म्हणते, आता तरी बसा. बसलोय.

सु., मिळालं की लगेच कळव. रागावली असशील तरी कळव. जास्त बोलू नकोस, नुसतं "पोचलं" म्हण.