बरी झालेली बाई

उल्हासनगर, कॅम्प ४
१२ फेब्रुवारी १९८९

प्रिय अंजनाताई,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे दुखतात, तरी पापड लाटायला बसतेच. बारवीकडे तुझ्या बालवाडीत यंदा किती मुलं आली? दोन महिन्यांत तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते.

एक गंमत सांगायची आहे. कॉलेजात समाजशास्त्राच्या बाईंनी शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एकेक विषय दिलाय. माझा ऐकून आई म्हणाली, "ह्याला अभ्यास म्हणतात?" सिनेमात आणि गाण्यांत आजारी माणसं कशी दाखवतात, ते बघून लिहायचं. त्यामुळे मी सध्या राजरोस सिनेमे बघते आणि वहीत टिपणं काढते.

व्हिडिओ लायब्ररीवाले लछमनदासकाका दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानामागच्या खोलीत मला कॅसेट लावून देतात. "वृंदा बेटी, आज खांसीवाली देखेगी या कॅन्सरवाली?" असं विचारतात. आतापर्यंत तेवीस सिनेमे झाले.

ताई, तू कधी नीट बघितलंयस का? सिनेमात क्षय झालेल्या माणसाला संध्याकाळचा ताप येत नाही. तो वाळत नाही. त्याचे केससुद्धा विस्कटत नाहीत. रुमाल पांढराशुभ्र, म्हणजे लाल डाग लांबून दिसावा. डॉक्टर चष्मा काढून नातेवाइकांना बाहेर नेतात, पेशंटला कुणीच काही सांगत नाही. दवाखान्यात रांग नाही. आणि एकाही सिनेमात कुणी लागोपाठ दोन दिवस तीच गोळी घेतलेली मला दिसली नाही. एकूण अकरा जण खोकले. त्यातले दहा मेले. अकरावी देवळात घंटा वाजवून बरी झाली!

गाण्यांचं तर विचारूच नकोस. क्षयाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, शेवटच्या अवस्थेतली बाई एवढा वरचा सूर कसा लावते? ते हसतच सुटले. म्हणाले, "एवढा दम असता तर ती माझ्याकडे कशाला आली असती?"

मग अंबरनाथला शिवराममामाकडे गेले. मामा एमआयडीसीतली पहिली पाळी करून संध्याकाळी गायन पार्टीच्या तालमीला बसतो, तुला माहीत आहेच. त्यानं खोकल्यावर एक गाणं बांधलंय. दवाखान्यात जा, औषध घ्या, असं सगळं त्यात सांगितलंय, तरी शेवटच्या कडव्यात बाई मरतेच. मी म्हटलं, "मामा, ती दवाखान्यात गेली होती ना? मग मारलीस कशाला?" मामानं पेटी बंद केली. म्हणाला, "बरी झालेली बाई काय करते गं? पाणी भरते, भाकऱ्या थापते. त्याला चाल कशी लावू?"

हे मी कॉलेजातल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तूच एखादी बरी झालेली बाई शोध. तिच्याशी बोल आणि ते लिही."

दवाखान्यात चौघींनी बोलायला नकार दिला. एक तर हातातलं कार्ड पदराखाली लपवत म्हणाली, "मला कधी काही झालंच नव्हतं."

तशी मला एक बाई माहीत आहे. पंधरा दिवस झाले, तिला पत्र लिहायला बसते आणि उठते. विचारायचं खूप आहे. पण त्याआधी मला काही सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी बदलापूरहून हिरामणच्या घरचे तुला बघायला आले होते. तुझी क्षयाची औषधं पूर्ण होऊन चार महिने झाले होते. औषध बंद केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं मी मनाशी धरून बसले होते. आई चहा करत होती, तू आत तयार होत होतीस. हिरामणची आई अंगणात खाटेवर बसली होती. मला जवळ घेऊन तिनं विचारलं, "ताई तुझे लाड करते का गं?"

मी म्हटलं, "करते. पण आता ती मरणार आहे."

ती हसली. मला वाटलं, हिला खरं वाटत नाही. म्हणून मी करून दाखवलं. लछमनदासकाकांच्या टीव्हीवर पाहिलं होतं, अगदी तसं. फ्रॉकचा कोपरा तोंडाला लावून खोकले, छाती धरली, खाटेवर पडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उठून उभी राहिली होती. चहा न घेताच सगळे गेले.

आईला वाटलं, शेजारच्या सगुणाबाईंनी चुगली केली. मी दहा वर्षांची होते. मार बसेल म्हणून गप्प बसले. मोठी झाले तरी गप्पच. तू नोकरी धरून तिकडे गेलीस, वर्षातून दोनदाच यायला लागलीस, तरी गप्प. मला दुष्टपणा करायचा नव्हता गं. असा खोकला झाला की माणूस मरतं, एवढंच मला ठाऊक होतं.

काल सगुणाबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या मेथी निवडत होत्या. ऐकून त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं तुझी आई मला बघून नळावरून हंडा उचलून जाते. मला वाटायचं, माझ्याच तोंडून कधी काही निघून गेलं असेल, आता आठवत नाही." मी रडायला लागले. तर म्हणाल्या, "माझ्यापुढं रडू नको. जिचं लग्न मोडलं, तिला लिही."

आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

रागावलीस तर रागाचं लिही, पण लिही.

तुझी अपराधी,
वृंदा


बारवी
२० फेब्रुवारी १९८९

वृंदा,
जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. मला माहीत होतं.

मी आत पडद्यामागे उभी होते. तू खोकलीस, छाती धरलीस, पडलीस, सगळं पाहिलं. बाहेर येऊन "मी बरी आहे, हे बघा कार्ड" एवढंच म्हणायचं होतं. कार्ड ट्रंकेत होतं. पण पाय उचलला नाही. तो सिनेमा मीही पाहिला होता ना. लछमनदासकाकांकडे तुम्ही आत बसला होतात, मी आजारी म्हणून खिडकीबाहेर. तुला पडलेली बघून मला वाटलं, पोर खोटं कुठं सांगतेय? कार्डावर 'बरी' लिहिलं होतं, पण बरी झालेली बाई कशी असते, ते मीही कुठं पाहिलं नव्हतं.

नंतर सगुणाबाईंवर आळ आला, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तू दहाची होतीस, मी चोवीसची. त्यांच्याबाबतीत तुझ्याहून माझा अपराध मोठा आहे. मी घरी फारशी येत नाही ती लग्न मोडलं म्हणून नाही. त्यांच्या दारावरून जावं लागतं, म्हणून.

आता तुझ्या अभ्यासाचं. बरं होणं फार कंटाळवाणं असतं. पहिले तीन महिने रोज सुई, धड बसता यायचं नाही. मग गोळ्या. दीड वर्ष त्याच गोळ्या. रडूही येत नाही, नुसता वैताग येतो. मग एक दिवस भूक लागली. इतकी, की आईनं भाकरीची टोपली माझ्यापुढून उचलून वर ठेवली. मनगटातून गळणाऱ्या बांगड्या घट्ट झाल्या. आणि एका दुपारी जिना चढून वर गेल्यावर लक्षात आलं, आपण मध्ये थांबलोच नाही. पुन्हा खाली उतरले आणि पुन्हा चढले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता रोज सकाळी तीस पोरांबरोबर मोठ्यानं गाणी म्हणते. मामाला म्हणावं, चाल लागत नसेल तर इथं येऊन ऐक.

रविवारी बारापर्यंत पोचते. घरी न जाता आधी सगुणाबाईंकडे जाणार. तू त्यांच्या दाराशी थांब, दोघी मिळून आत जाऊ. आईला मी सांगेन.

वहीत 'एक बाई' असं लिहू नकोस. नावानं लिही.

तुझी ताई,
अंजना सुदाम पगारे,
वय तेहतीस, क्षयरोग, पूर्ण बरी