नऊ ठिपके

बाबा,

तुमची डिक्शनरी आज कपाटातून काढली. तुम्ही घातलेलं खाकी कव्हर अजून शाबूत आहे; माझ्या पुस्तकांची इतकी काळजी मीसुद्धा घेत नाही. बाभुळगावच्या शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचे आणि ती शाळा घरी स्वयंपाकघरातही भरायची. शब्द पाहिला की त्याच्यापुढे पेन्सिलीचा ठिपका. तोच पुन्हा पाहावा लागला तर दुसरा ठिपका, म्हणजे विसरल्याची लाज. आणि त्या शब्दाचं वाक्य केल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी, याला मी वाक्य केलं, "माय फादर इज ऑब्स्टिनेट." तव्यावरची भाकर उलटत आई म्हणते, "लेकराले जेवू द्या न आधी, शब्द कुठं पयून चालला!" तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणता, "वाक्य बरोबर आहे. वाढ त्याले."

मग कितीतरी वर्षांनी यवतमाळचा एसटी स्टँड. डॉक्टरांचा रिपोर्ट तुमच्या मांडीवर, एका शब्दावर बोट. "कॉग्निटिव्ह म्हणजे काय रे? माहीत होतं मले." पेपरात लोकांची टर उडवून पोट भरणारा मी म्हणालो, "काई नाई बाबा. म्हातारपणाले डॉक्टर लोक तसं म्हणतात."

"वाक्य कर."

"बस लागली, चला."

पुढच्याच आठवड्यात तो शब्द मी लेखात एका पुढाऱ्याच्या डोक्यावर आपटला. लोक पोट धरून हसले. तुम्ही लेख वाचला आणि घडी घालून ठेवला.

आज त्या शब्दाचं पान उघडलं. नऊ ठिपके आहेत, बाबा. पहिले गोल, शेवटचे थरथरत लांब ओढले गेलेले. समजणं, आठवणं, विचार करणं, मनाच्या या सगळ्या कामांविषयीचा तो शब्द; रिपोर्टात त्याच्यापुढे ऱ्हासाचा शब्द होता. तुम्ही नऊ वेळा उठून चष्मा शोधला, नऊ वेळा तो तुम्हाला नव्याने कळला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही एकट्यानेच रिपोर्टला लावून पाहिला असणार. संध्याकाळी मात्र मला विचारायचे, "चहा घेतं काय?" आणि मी समजून राह्यलो होतो की लपवतोय तो मी.

हे पत्र त्याच पानात ठेवतो. तुम्ही आज असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही लाल पेनने तपासलं असतं. त्या दिवशी बस लागली नव्हती. रिकाम्या फलाटावर आपण बराच वेळ उभे होतो. त्या शब्दाचं वाक्य मला येत होतं, बाबा.