विश्वासातला एजंट

११ मार्च
आजपासून रोज लिहायचं. उद्या कोणी उलटलं तर हाताशी काहीतरी असलेलं बरं.
सरकारच्या वेबसाइटवर सहज माझ्या कंपनीचं नाव टाकून बघितलं. पॉस्पिशिल स्टंप रिमूव्हल एलएलसी. तोडलेल्या झाडांचे बुंधे खरवडून काढतो. मशीन एक, केशरी, नाव रोंडा. मालक एक, मी. आणि खाली काय लिहिलंय? रजिस्टर्ड एजंट: डेलमार व्होंड्रा. डेलमार म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. गावात केस कापतो. हा माझ्या कंपनीत कधी घुसला?
एजंट म्हणजे मधला माणूस, आणि मधला माणूस मधल्यामध्ये खातो, हे शेंबडं पोरही सांगेल.

१२ मार्च
अर्लीनला फोन केला. ती म्हणाली, लाइल, तूच पाच वर्षांपूर्वी त्याच्या मागे लागला होतास. मी दिवसभर बाहेर असतो, कंपनीच्या नावाने कोर्टाचा नाहीतर सरकारचा कागद आला तर घ्यायला एका जागी बसलेला माणूस लागतो, आणि डेलमार बसलेलाच असतो, असं म्हणालास.
मला काहीच आठवत नाही. तिला नवऱ्याची बाजू घ्यावीच लागते, बिचारीला.

१५ मार्च
केस कापायला गेलो. (पाळत ठेवायला. केस हे निमित्त.) डेलमारने कात्री चालवता चालवता विषय काढलाच. म्हणाला, लिबीबाई ह्रुस्का दुकानात येऊन गेल्या. रडल्या. त्या माशाचं काहीतरी कर रे बाबा.
मासा म्हणजे, गेल्या ऑक्टोबरात लिबीबाईंनी गॅरेजजवळचा बुंधा काढायला सांगितला होता. मी पुढच्या अंगणातला काढला. त्या बुंध्याचा त्यांच्या नवऱ्याने, एडने, मरायच्या आदल्या वर्षी करवतीने कॅटफिश कोरला होता. शेपटीवर उभा. आता शेपटीवर उभा राहणारा मासा कोणी बघितलाय? मला वाटलं, कुजलाय.
वर घराची जादा किल्ली माशाच्या तोंडात ठेवलेली. रोंडाचा दात त्या किल्लीने तुटला. खरं म्हणजे नुकसानभरपाई मीच मागायला हवी. मी मोठ्या मनाने गप्प बसलो.
डेलमार म्हणतो, त्यांना पैसे नकोत. जा, टोपी काढ, चुकलं म्हण, एक रोप लाव, मिटलं. नाहीतर त्यांचा पुतण्या कोर्टात जा म्हणून मागे लागलाय.
म्हणजे एजंट माझा आणि बोलतो लिबीबाईंच्या बाजूने! आजच ठरवलं. एजंट बदलायचा. आणि चुकलंबिकलं म्हणणार नाही. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढलीय ती कशाला?
केस डाव्या बाजूला जास्त कापलेत. मुद्दाम.

१८ मार्च
एजंट बदलायचा फॉर्म आणला. ऑनलाइनही होतं म्हणे. ऑनलाइन म्हणजे चव्हाट्यावर.
नवा एजंट विश्वासातला हवा. गावातल्या सगळ्यांची नावं डोळ्यांखालून घातली. एकच उरलं. लाइल पॉस्पिशिल.

२ एप्रिल
फॉर्म परत! म्हणे पोस्टातल्या पेटीचा नंबर चालत नाही, घराचा नाहीतर दुकानाचा खरा पत्ता हवा. राजधानीत, लिंकनला, सरकारी ऑफिसात फोन केला. एक बाई म्हणाल्या, साहेब, कामाच्या वेळात त्या पत्त्यावर एजंट सापडला पाहिजे. का सापडला पाहिजे, असं विचारलं. म्हणाल्या, कागद द्यायला. कसले कागद? म्हणाल्या, जे येतील ते.
उडवाउडवीची उत्तरं. नाइलाजाने घराचा पत्ता घातला. सोबत डेलमारला काढण्याची कारणं स्वतंत्र पानावर जोडली.

१६ एप्रिल
मंजूर! डेलमार बाहेर, मी आत. कारणांचं पान मात्र परत पाठवलंय, गरज नाही म्हणून. वाचलेलं दिसत नाही.
अर्लीनने घरी भाजलेली कोलाची पाठवली, गोड पाव, वर जर्दाळू, आत खसखस. खाल्ली. यातून काही सिद्ध होत नाही.

२४ एप्रिल
पत्ता जाहीर झाल्यापासून टपालाचा पाऊस. सगळे चोर. एकच पत्र प्रामाणिक निघालं. वर लाल अक्षरांत: खबरदार! नव्या एजंटांची फसवणूक होत आहे! अनोळखी माणसाकडून कागद घेऊ नका! त्यांचा फलक मागवला, भिंतीवर लावायचा. कोणीतरी माझ्यासारखा विचार करतं हे बघून बरं वाटलं.

५ मे
एजंटने घरी सापडायचं, म्हणून घरीच आहे. दोन कामं सोडली. धंद्याच्या सुरक्षेसाठी धंदा थोडा बाजूला ठेवावा लागतो.
दुपारी दार वाजलं. सोफ्यामागे बसलो. गेले.

७ मे
पुन्हा वाजलं. पुन्हा सोफा. तिथे हरवलेला मोजायचा टेप सापडला. म्हणजे वेळ फुकट गेला नाही.

८ मे
आज गाठलंच. कॉफीचा कप घेऊन वळलो तर जाळीच्या दारापलीकडे शेरीफचा माणूस, बड कुचेरा. म्हणाला, लाइल पॉस्पिशिल? म्हटलं, तो बाहेरगावी गेलाय. बड म्हणाला, लाइल, अरे आपण एका बाकावर बसायचो. म्हटलं, आल्यावर सांगतो त्याला. बडने मान हलवली, पाकीट जाळीत खोचलं, म्हणाला, मिळालं असं लिहितो मी.
पाकीट मटण भाजायच्या चिमट्याने उचलून शेडमध्ये रंगाच्या डब्याखाली ठेवलं. उघडलं तर मिळालं असा अर्थ होतो. उघडलंच नाही तर मिळालंच नाही. कायदा मलाही कळतो.

१९ मे
फलक आला. कागद पातळ आहे आणि 'खबरदार'चं स्पेलिंग चुकलंय. घाईत छापला असेल.

३ जून
अर्लीन म्हणाली, अरे काल कोर्टात तारीख होती ना? गेला नाहीस? लिबीबाई एकट्याच उभ्या होत्या, एडचं जाकीट घालून. तुझ्या नावाचा पुकारा झाला, कोणीच उठलं नाही.
म्हटलं, कंपनीला काही कळवलंच नाही. ती म्हणाली, केस वाढलेत म्हणे तुझे फार. बड सांगत होता.
हा बड कोणाकोणाला काय काय सांगतो?

८ जुलै
रोंडाला नेलं.
बड ट्रक घेऊन आला, लिबीबाईंच्या बाजूने लागलेला कोर्टाचा हुकूम दाखवला आणि साखळी लावली. मी या वेळी बाहेर आलो. ओरडलो. बड म्हणाला, लाइल, हेच मेमध्ये बाहेर आला असतास तर. शेडजवळ तिच्याखालचं गवत पिवळं पडलंय. तिथे दोनदा जाऊन उभा राहिलो. रडू आलं. लिहायला नको होतं, पण आलं.
एडने तो मासा कोरला तेव्हा मी कुंपणावर बसून बिअर पीत होतो. मिशा मी सुचवल्या होत्या.

९ जुलै
लिंकनला तक्रार केली. कंपनीला सूचना न देता मशीन जप्त, असं कसं? बाई त्याच. म्हणाल्या, कागद एजंटकडे जातात साहेब, कंपनीला कळवणं त्याचं काम. तुमच्या एजंटने कळवलं नाही? म्हटलं, एका अक्षराने नाही. म्हणाल्या, दारावर आलेला कागद तरी घेतला का त्याने? म्हटलं, लपून बसला. बाईंना माझी खरीच दया आली. म्हणाल्या, अहो, असा माणूस कशाला ठेवता? आजच बदला. थांबा, नाव बघते. लाइल पॉस्पिशिल. नातेवाईक का?
म्हटलं, जवळचा.

११ जुलै
फॉर्म घेऊन डेलमारच्या दुकानात गेलो. नव्या एजंटची संमती लागते. कोणी गिऱ्हाईक नव्हतं. त्याने खुर्ची फिरवली, मला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. म्हणाला, आधी हे जंगल काढू. असा अवतार घेऊन लिबीबाईंकडे जाता येणार नाही. मशीन त्या ठेवून घेणार नाहीत. मी विचारलंय. त्यांचं म्हणणं तेच आहे, जे मार्चमध्ये होतं. रोप माझ्या गाडीत आहे.
मग त्याने फॉर्म वाचला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, सही करतो. पण जुन्या एजंटला का काढलंस, ते तरी सांग.
म्हटलं, दार उघडत नव्हता.
डेलमारने कात्री उचलली. म्हणाला, मान खाली घाल.
घातली.