सगळे पोचे डाव्या बाजूला

अहो,

मी कामावर निघालेय. जेवण झाकून ठेवलंय.

तुम्ही फिरायला गेलात तेव्हा गाडी गॅरेजवाल्याला दाखवून आणली. पत्रा अजून दणकट आहे म्हणाला. पोचे काढून रंग मारला की पाच वर्षं बघायला नको. तेव्हा विकायचं नाव काढू नका. लेक दवाखान्यातून हिच्यातूनच घरी आली होती.

पण सगळे पोचे डाव्याच बाजूला कसे, असं त्याने विचारलं. शेजाऱ्यांच्या स्कूटरला तुम्ही उगाच बोल लावलात. आपल्या फाटकाच्या खांबाला लागलेला गाडीचा रंग मीच दोनदा पुसलाय.

पोच्यांचं नंतर बघू. आधी उद्या साडेदहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय.

किल्ली शोधू नका, माझ्याकडे आहे. उद्या गाडी मी चालवेन. तुम्ही शेजारी बसून माझ्या चुका काढा.