पेटीतला काळा दाणा

९ नोव्हेंबर, शनिवार

काल रात्री जे झालं ते क्रमाने.

१. चोको या बाबांच्या मंडळाने माझा सभासदत्वाचा अर्ज नाकारला, म्हणून माझी समजूत घालायला बाबांनी मला आणि आईला ओइएरच्या हॉटेलात जेवायला नेलं. ओइएर चोकोचाच सभासद.

२. बसल्या बसल्या बाबा पुन्हा म्हणाले, "एकच काळा दाणा पडला गं. कोणाचा, देव जाणे."

३. चौथ्या ताटलीत काळा घेवडा आला. सात दाणे, वर कोबीचा फेस. आई म्हणाली, "बाकीचे मागून येतायत का?"

४. कुठला जिन्नस कुठून आणला, हे ओइएर टेबलाशी येऊन स्वतः सांगतो. "हा आपल्या लुकेनच्या, मुंगिया गावातल्या मळ्यातला," बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला. "असा पांढरा ठिपका दुसऱ्या कोणाच्या घेवड्याला नसतो. पेटीतला दाणासुद्धा—" आणि थांबला.

५. बाबा पाव मोडत राहिले. मी सगळे दाणे खाल्ले.

१० नोव्हेंबर

चोको म्हणजे बाबांचं दुसरं घर. पुरुषांनी मिळून चालवलेलं स्वयंपाकघर. बायकांनी शनिवारी टेबलाशी बसावं, कौतुक करावं, चुलीकडे जाऊ नये. यंदा नियम बदलला, बायकांनाही सभासद होता येतं. पहिला अर्ज माझा, सूचक बाबा. मला त्या चुलीशी उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मतदान गुप्त, बंद पेटीत. पांढरा दाणा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. एक काळा पुरतो. पण दाण्यांची बरणी सगळ्यांसमोर असते, काळा उचलला तर दिसतो. म्हणून बाबांनी घरून आणला. रागाच्या भरात नाही – ठरवून, खिशात घालून.

गोदीत मी यंत्र लावून जहाजांचे सांधे तपासते. वरून गुळगुळीत, आत पोकळी – हे मला रोज दिसतं. घरात यंत्र लावायचं सुचलं नाही.

११ नोव्हेंबर

बाबांना फोन केला नाही. त्यांनीही नाही.

१३ नोव्हेंबर

ओइएरचा फोन. "माझ्या जिभेला हाड नाही, इसारो."

"मोजताना ओळखलास दाणा?"

"दाणे ओळखणं हा माझा धंदाच आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांनीच ओळखला होता."

म्हणजे सगळा चोको. रस्त्यात भेटून "पुढच्या वर्षी बघू हं" म्हणणारे सगळे.

१४ नोव्हेंबर

बाबा मळ्यावर असताना आईकडे गेले. ती सुक्या लाल मिरच्या भिजत घालत होती. लाल रश्श्यातला कॉड – चोकोत बाबांचं नाव आहे ते त्यावरच.

"हे काय, तू करतेस?"

"मीच करते. रस्सा डब्यात भरून देते. ते तिथे मासा सोडतात आणि चमचा फिरवतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू चुलीशी उभी राहिली असतीस तर पहिल्याच शनिवारी तुला कळलं असतं."

"काळा दाणा त्यांचा, हे माहीत होतं तुला?"

"खिशात टाकताना पाहिलं."

"आणि गप्प बसलीस."

"गप्प बसायची सवय तुझ्याहून जुनी आहे, बाळा."

मी पर्स उचलली. दारापर्यंत गेले. मागे मोरीत पाणी ओतल्याचा आवाज. वळून पाहिलं तर मिरच्यासुद्धा ओतल्या होत्या.

"या शनिवारी डबा नाही," ती म्हणाली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बाबा आज चोकोत गेले नाहीत. बरं वाटत नाही, असं कळवलं म्हणे.

१७ नोव्हेंबर

बाबांना पाठवलं, ते जसंच्या तसं:

"बाबा, चोकोत नवा अर्ज द्यायचा आहे. माझा नाही, आईचा. सूचक म्हणून तुमची सही लागेल. करणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा."